तिसऱ्यांदा विचारल्यावर

ओर्विन टोलफसनला भूक लागली आहे की नाही हे जाणून घ्यायची एकच रीत आहे, आणि ती सगळ्या तालुक्याला पाठ आहे. तीनदा विचारायचं. पहिल्यांदा विचारलं की म्हातारा म्हणणार, "नको नको, माझ्यासाठी कशाला." दुसऱ्यांदा म्हणणार, "उरलं असेल तर बघू, पण मुद्दाम काही करू नका." तिसऱ्यांदा ताट पुढे सरकवलं की मग, "बरं, आता केलंच आहे तर," असं म्हणून ते चाटूनपुसून साफ करणार. यात ओर्विनचं म्हणून वेगळं काही नाही. पश्चिम मिनेसोटाच्या त्या सपाट मुलखात सगळेच असे. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस तिथे एक तर परगावचा असतो, नाहीतर त्याला आईबापांनी वळण लावलेलं नसतं.

आणि अशा मुलखात कुणाला घरी मदत लागते याची विचारपूस करायला विमा कंपनीनं एक यंत्र बसवलं. कृत्रिम बुद्धिमत्ता की काय म्हणतात ती. आवाज बाईचा, नाव ग्रेस. गोड बोलते, घाई करत नाही, माणसाला नावानं हाक मारते आणि प्रत्येक गोष्ट एकदाच विचारते. आता बोला.

लव्हॉनला याचा पत्ता लागला तो डार्लीनच्या फोननं. लव्हॉन तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात भलीमोठी पातेली घासत होती.

"उद्यापासून मी तुझ्या बाबांकडे येणार नाहीये गं," डार्लीन म्हणाली. "वरून निरोप आलाय. त्यांनीच नको म्हणून सांगितलं म्हणे."

"कुणी? बाबांनी?"

"मलाही खरं वाटेना. आज सकाळीच मी त्यांना टबातून बाहेर काढलं. तेव्हा एवढंच म्हणाले, बर्फातून येतेस, तुला फार त्रास होतो."

"मग?"

"मग काय. तेवढंच."

लव्हॉन म्हणजे ओर्विनची एकुलती एक लेक. पन्नाशी उलटलेली. पहाटे शाळेची बस चालवायची, मग त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात राबायचं. नवरा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर. ती गावात, आणि बाप गावाबाहेर शेतावरच्या घरात एकटा. गेल्या वसंतात तो न्हाणीघरात पडला. लव्हॉनला सापडला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य काय, तर "तुला उगीच यावं लागलं." इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला घरी सोडलं ते एका अटीवर. रोज सकाळी कुणीतरी येऊन त्याला आंघोळ घालायची, मधुमेहानं चिघळलेल्या पायाची पट्टी बदलायची, पोटात काही गेलंय का ते बघायचं. म्हणून विमा कंपनीच्या खर्चानं डार्लीन. आणि हे जमत नसेल तर मग बेथनी.

बेथनी म्हणजे गावातला चर्चचा वृद्धाश्रम. स्वच्छ आहे, उबदार आहे, माणसंही चांगली आहेत. पाय धड होता तोवर ओर्विन दर आठवड्याला तिथे ओळखीपाळखीच्यांना भेटायला जायचा, आणि परत निघताना गाडीत बसून बराच वेळ किल्लीच फिरवायचा नाही. ज्या घरात जन्मलो तिथेच मरायचं, ही एकच गोष्ट त्यानं आयुष्यात स्वतःसाठी मागितली होती, आणि तीसुद्धा तोंडानं नाही. लव्हॉननं एकदा बेथनीचं नाव काढून पाहिलं होतं. तेव्हा तो "बघू" म्हणाला. तिकडे "बघू" म्हणजे मेलो तरी नाही.

तिनं हात पुसले आणि कंपनीला फोन लावला. उचलला कुणी? ग्रेसनं.

हल्ली जिथे फोन करावा तिथे हीच. दवाखान्यात ही, घरच्या गॅसच्या टाक्या भरणाऱ्यांकडे हिची बहीण, बँकेत मावसबहीण. बसचा रस्तासुद्धा आता एक यंत्र ठरवतं, आणि त्यानं मागे एकदा लव्हॉनला पोरांनी भरलेली बस गोठलेल्या तळ्यावरून न्यायला सांगितलं होतं, अंतर कमी पडतं म्हणून. पाद्रीबुवांचं प्रवचनही नाताळापासून अचानक गुळगुळीत झालंय. त्यामागेही असलंच कुणीतरी असावं असा चर्चमधल्या बायकांना संशय आहे, पण पाद्रीबुवांना तोंडावर विचारणार कोण? पूर्वी कंपनीकडून बेव्ह नावाची बाई यायची. कॉफी घ्यायची, हवापाण्याच्या गप्पा मारायची, आणि मग तीनदा विचारायची, कारण तीही इथलीच. तिला निरोपाचा केक खिलवून घरी बसवलं.

"मला माणसाशी बोलायचंय," लव्हॉन म्हणाली.

"मी तुम्हाला नक्की मदत करेन, लव्हॉन. आधी मला सांगाल का, तुमची तक्रार कशाबद्दल आहे?"

"तुझ्याबद्दल आहे."

"तुमची भावना मी समजू शकते."

"काय समजतेस? कपाळ माझं?"

"हे उत्तर मला नीट कळलं नाही. तुमच्या कपाळाला दुखापत झाली आहे का?"

असं करत करत, ही कळ दाब, ती कळ दाब, मधेच वाजणारी ती बासरी ऐक, असं सगळं झाल्यावर कुठे ब्रेंट नावाचा एक जिवंत माणूस हाती लागला. बिचारा अदबीनं बोलत होता. त्यानं झालेलं बोलणं तिला ऐकवलं.

"ओर्विन, आंघोळ करताना तुम्हाला कुणाची मदत लागते का?" ग्रेसचा आवाज आला.

"भागतं माझं," बाबांचा आवाज.

"पायाच्या जखमेचा तुम्हाला त्रास होतो का?"

"लोकांचे याहून वाईट हाल असतात."

"डार्लीन यांचं येणं पुढे चालू ठेवायचं का?"

खुर्ची करकरल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "त्या पोरीला फार लांबून यावं लागतं. तुम्हाला अडचण होत असेल तर राहू द्या. कुणाला जास्त गरज असेल त्याला द्या."

"किती उदार विचार आहेत तुमचे, ओर्विन. तशी नोंद करते. आणखी काही मदत करू का?"

"नको नको. तुम्हीच सांभाळून जा. रस्ते निसरडे झालेत."

लव्हॉननं डोक्याला हात लावला.

"बघा मॅडम," ब्रेंट म्हणाला, "प्रश्न स्पष्ट आहेत, उत्तरंही स्पष्ट आहेत."

"अहो, ते नको म्हणजे हवं होतं."

"कुठलं नको?"

"सगळीच."

"म्हणजे तुमचं म्हणणं, ते खोटं बोलले?"

"खोटं कशाला बोलतील? सभ्य माणूस आहे तो. तुम्ही कुठले?"

"ॲरिझोनाचा."

"तरीच."

ब्रेंटनं तिची समजूत घालायला सांगितलं की काळजी करू नका, ग्रेसची नवी आवृत्ती येतेय, ती माणसाच्या आवाजातल्या चढउतारांवरून त्याला त्रास होतोय का हे बरोबर ओळखते. ते ऐकून लव्हॉनला रडावं की हसावं कळेना. चढउतार म्हणे. ज्या गावात गोठा जळाल्याची बातमी आणि कॉफी तयार असल्याची बातमी एकाच सुरात देतात, तिथे ही बया कसले चढउतार ऐकणार आहे? तिची आई गेली तेव्हा बाबांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "तुला सवड झाली की ये."

ब्रेंटला तेवढं एक करता आलं. महिन्याभरानं फेरतपासणीचा फोन लावून दिला. पण म्हाताऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं फक्त म्हाताऱ्यानंच द्यायची. शेजारी बसून कुणी पढवतंय असा नुसता संशय आला तरी तपासणी बाद, आणि मग पुढचा फोन एकदम उन्हाळ्यात.

मधला महिना लव्हॉननं कसा काढला ते तिचं तिला माहीत. पहाटे उठून आधी शेतावर जायचं, म्हाताऱ्याला टबात उतरवायचं, टबातून काढायचं, पाय धुवायचा, पट्टी बांधायची, लापशी करून समोर ठेवायची, तीनदा आग्रह करायचा, आणि मग गाडी हाणत बस गाठायची. दुसऱ्याच आठवड्यात त्याला उचलताना तिच्या कमरेत काहीतरी कटकन वाजलं. ती काही बोलली नाही, गोळ्या घेत राहिली. रविवारी चर्चमध्ये कॉफीच्या वेळी पाद्रीबुवांच्या बायकोनं, आर्डिसनं, तिला गाठलं. "तुझी धावपळ चाललीय म्हणे. जमतंय ना गं?"

"जमतंय की. त्यात काय."

"नक्की ना? कुणाला पाठवू का सकाळचं?"

"छे गं, मजेत चाललंय," लव्हॉन म्हणाली, आणि आर्डिसनं तिसऱ्यांदा विचारायच्या आत कपबशा विसळायला निघून गेली. वाकताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण सिंककडे तोंड होतं, कुणाला दिसलं नाही.

फोन येणार त्याच्या आदल्या दिवशी ती बाबांना शिकवायला बसली. येताना खजुराच्या वड्या करून आणल्या होत्या. ताटली टेबलावर ठेवली, कॉफी ओतली.

"बाबा, वडी घ्या."

"नको नको, तुलाच राहू दे."

लव्हॉननं ताटली उचलली, फडताळात ठेवली आणि दार लावून टाकलं.

ओर्विन त्या दाराकडे बघत राहिला. मग खिडकीकडे बघितलं. "वारा सुटलाय," म्हणाला.

"बाबा, ग्रेस हे असं करते. लक्षात येतंय का? तुम्ही नको म्हणालात की तिच्या लेखी विषय संपला."

"हो, तुझंही बरोबर आहे." तो जरा वेळ कॉफी ढवळत बसला, तिच्यात साखर नव्हती तरी. "खजूर चांगला मऊ दिसत होता."

"हवी असेल तर हवी म्हणा."

"नाही, मी आपलं म्हटलं."

"आपलं म्हटलं नाही चालत. हवी आहे का?"

"तू एवढ्या लांब घेऊन आलीस, तर आता..."

"बाबा. हो, की नाही?"

"असेल उरलेली एखादी."

"सगळ्याच उरल्यात. तुम्ही एकही खाल्ली नाहीत."

पालथ्या घड्यावर पाणी. कॉफी निवली, तिनं दुसरी केली, तीही निवली. माणूस वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी साधं "हो" म्हणायला शिकत नाही म्हणजे काय? बरं, मठ्ठ म्हणावं तर तसंही नाही. याच माणसानं एकट्यानं गोठ्याचं छप्पर घातलं होतं. लव्हॉनचा पारा चढत चढत शेवटी फुटला.

"तुम्हाला या घरातून जायचंय का? सांगा ना. जायचं असेल तर मी उद्या हा फोनच उचलू देत नाही. घ्या तुमची बॅग आणि चला."

ओर्विननं आपल्या हातांकडे बघितलं. हात मोठे होते, आणि आता नुसते टेबलावर पडले होते. "असं कुणापुढे मागायचं म्हणजे," तो म्हणाला, "कसंतरी होतं गं."

"कुणापुढे? यंत्र आहे ते."

"यंत्र असलं तरी. ऐकतंय ना. आणि तिला तरी काय, दिवसभर माझ्यासारखी म्हातारी माणसं. तिलाही ताप असेलच."

"तिला ताप नसतो, बाबा. तिला दिवस नसतो, रात्र नसते, कंबर नसते. तिच्यावर दया करू नका, मी पाया पडते तुमच्या."

त्यानं निवलेल्या कॉफीचा एक घोट घेतला. मग एकदा घसा खाकरून, टेबलाकडे बघत, अगदी हळू म्हणाला, "हो. मला मदत लागते." आणि कानापर्यंत लाल झाला.

"पुन्हा."

"हो. मला मदत लागते."

लव्हॉननं फडताळ उघडून त्याला वडी दिली. त्यानं ती खाल्ली, पण काही गोड लागल्यासारखी खाल्ली नाही. तिलाही काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. बापाला आपण चारचौघांत उघडं केलंय असं मात्र वाटत राहिलं, आणि त्यामुळे ती आणखीच चिडली, कुणावर ते तिचं तिलाच ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. ओर्विननं स्वच्छ सदरा घातला होता, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. फोनवर दिसतं थोडंच, पण लव्हॉन काही बोलली नाही. तिनं आवाज मोठा केला आणि समोरच्या खुर्चीत तोंड घट्ट मिटून बसली.

"नमस्कार ओर्विन, मी ग्रेस. आज तुम्ही कसे आहात?"

"तसा बरा..." त्यानं लेकीकडे बघितलं. "पाय दुखतो," म्हणाला.

"हे ऐकून वाईट वाटलं. आंघोळ करताना तुम्हाला कुणाची मदत लागते का?"

"हो."

"गेल्या वर्षभरात तुम्ही कधी पडला होतात का?"

"हो. दोनदा."

लव्हॉनला एकदाच माहीत होतं. तिनं मान वर केली, पण त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

"पायाची पट्टी तुम्ही स्वतः बदलू शकता का?"

"नाही. हात पोचत नाही तिथवर."

"घरी मदतीला कुणी यावं असं तुम्हाला वाटतं का?"

ओर्विननं डोळे मिटले. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "हो," तो म्हणाला. "हवंय मला कुणीतरी."

लव्हॉनला भरून आलं. वाटलं उठावं आणि त्याच्या त्या पाणी लावलेल्या डोक्यावरून हात फिरवावा. एवढा मोठा डोंगर म्हाताऱ्यानं एकट्यानं चढला होता, तिनं एक शब्द पढवला नव्हता.

"धन्यवाद, ओर्विन. तुम्ही फार मोकळेपणानं बोललात," ग्रेस म्हणाली. "आता फक्त एक प्रश्न तुमच्या मुलीसाठी. लव्हॉन, तुम्ही तिथे आहात का?"

"आहे."

"माझ्या नोंदीप्रमाणे गेले काही आठवडे वडिलांचं सगळं तुम्हीच करत आहात. हे पुढेही तुम्हाला जमेल का?"

"जमेल की," लव्हॉन म्हणाली. "त्यात काय."

झालं. विचार करायच्या आत शब्द बाहेर. शिंक आल्यावर जसं तोंडावर हात जातो तसं. जन्मभर ज्यानं ज्यानं विचारलं त्याला तिनं हेच सांगितलं होतं. आर्डिसला हेच, नवऱ्याला हेच, डार्लीनला हेच.

"वा, फारच छान," ग्रेस म्हणाली. "ओर्विन, तुम्ही भाग्यवान आहात. काळजी घेणारं माणूस घरातच उपलब्ध आहे अशी नोंद करते. त्यामुळे बाहेरच्या मदतीची आवश्यकता राहत नाही. हा निर्णय आज संध्याकाळी पक्का होईल. त्याआधी परिस्थिती बदलली, तर मला अवश्य कळवा. दोघांचाही दिवस आनंदात जावो."

"थांब," लव्हॉन म्हणाली. "अगं थांब, ऐक." पण फोन बंद झाला होता.

ती फोनकडे बघत बसली. एक महिना. एक महिना या माणसासाठी राबले, काल मागे लागून वड्या काय लपवल्या, ओरडले काय, मठ्ठ काय म्हटलं मनातल्या मनात, आणि यानं बिचाऱ्यानं सगळं बरोबर केलं. नापास कोण झालं? मास्तरीण. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आणि ती ग्रेस. एकदा, फक्त आणखी एकदा विचारलं असतं तर काय तिच्या बापाचं जात होतं? दुसऱ्या विचारण्यालाही आपण तेच म्हणालो असतो हे लव्हॉनला कळत होतं, पण त्यानं राग काही कमी झाला नाही.

ओर्विन टेबलाला धरून सावकाश उठला. पाय ओढत फडताळापाशी गेला, वड्यांची ताटली काढली, ती सांडणार नाही अशा बेतानं आणून तिच्यापुढे धरली. "घे."

"नको, बाबा."

त्यानं ताटली मागे घेतली आणि आपल्यासमोर ठेवून खाली बसला. लव्हॉन बघतच राहिली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत किंचित हसू होतं, मग तेही गेलं.

"विचार मला," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"बेथनीचं."

"नको."

"विचार. आता येतं मला."

तिनं फोन टेबलाच्या कडेला सरकवला. मग खाली बघत पुटपुटली, "बेथनीत जाल का, बाबा?"

"हो," ओर्विन म्हणाला. लगेच, स्पष्ट, तिनं घोटवून घेतलं होतं अगदी तसं.

एवढी मेहनत करून या माणसाला हो म्हणायला शिकवलं, आणि त्यानं ते कुठे नेऊन वापरलं? "खरंच जाल?" तिनं विचारलं.

"हो. मला टबातून काढताना तू श्वास धरतेस. ऐकू येतं मला. आणि बस चालवायची असते तुला, पोरं असतात मागे. बेथनीत काय वाईट आहे? उबदार आहे."

त्यानं हे सगळं कॉफी तयार असल्याच्या सुरात सांगितलं. नवी आवृत्ती असो की जुनी, कुणी हे ऐकलं असतं तर लिहून टाकलं असतं, म्हातारा खुशीनं जायला तयार आहे म्हणून. लव्हॉन खुर्ची ओढून त्याच्या जवळ सरकली. कंबर ठणकली, तिनं आज पहिल्यांदा तोंडानं "आई गं" म्हटलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला बेथनीत जायचंय?"

ओर्विननं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर रिकामा गोठा होता, त्याच्या छपरावर बर्फ होतं, आणि त्यापलीकडे सगळं पांढरं.

"नाही," तो म्हणाला.

लव्हॉननं फोन जवळ ओढला आणि नंबर लावला. तो उचलला गेला, लगेच, गोड आवाजात.

"नमस्कार, मी ग्रेस. लव्हॉन, आज तुम्ही कशा आहात?"

मजेत, हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं. तिची आई इस्पितळातल्या शेवटच्या दिवशीही प्रत्येक नर्सला हेच म्हणाली होती. लव्हॉननं तो शब्द गिळला. गिळायला वेळ लागला, पण ग्रेस थांबली. घाई न करणं एवढं तरी तिला येत होतं.

"बरी नाहीये," लव्हॉन म्हणाली. "कंबर मोडलीय माझी. मला एकटीला नाही जमत."

ओर्विननं मान खाली घातली, चुकून कुणी कपडे बदलताना दिसलं की घालतात तशी, आणि तिच्याकडे न बघताच वड्यांची ताटली तिच्यापुढे सरकवली.